एक सरळ रेघ

नळदुर्ग,
३ ऑगस्ट २०२५

चि. बुद्धघोष,
सप्रेम जय भीम.

तू पाठवलेलं चकचकीत माहितीपत्रक मिळालं. कागद उत्तम आहे. शेगडीजवळच्या फळीवर अंथरलाय, तेल आत मुरत नाही. ‘सोनेरी सायंकाळ : ज्येष्ठांसाठी आनंदनिवास.’ वरच्या चित्रात सहा म्हातारी माणसं एकाच विनोदावर हसताहेत. विनोद कोणता, ते कुठंही छापलेलं नाही. आत वेळापत्रक आहे. सकाळी सात वाजता हास्यक्लब. मी टेलिफोन खात्यात तीसेक वर्षं घड्याळाकडे बघून बोलले. आता घड्याळाकडे बघून हसायचं?

दुसरी गोष्ट. तू माझ्या माघारी दैवशालेला फोन करतोस हे मला कळलं आहे. कसं कळलं विचारू नकोस, तीच सांगत आली. ती माझी शेजारीण आहे. हेरगिरीला तू चुकीचं माणूस निवडलंस, तिच्या पोटात तासभरही काही राहत नाही.

“बाई, तुमच्या भाच्याचा फोन आलता. आत्याला करमतंय का म्हनून इचारत होता.”

“मग काय सांगितलंस?”

“खरं त्ये सांगितलं. दुपारच्याला बाई एकट्याच बोलत्यात म्हनलं. भितीला शिव्या देत्यात. लई जोरात.”

“शिव्या? मी?”

“इंग्लिशमधी.”

बुद्धघोष, मी रेडिओवरच्या बातम्यांतले उच्चार दुरुस्त करत होते. तो माणूस रोज एकाच शब्दाचा खून करतो आणि त्याला कुणी काही म्हणत नाही. सोलापूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टांनी आमच्या जिभा घासूनपुसून काढल्या होत्या, मला ते ऐकवत नाही. यात माझ्या डोक्याला काही झालेलं नाही. झालं असेल तर त्या बातम्या देणाऱ्याच्या.

राहता राहिला माझा मोबाईल. तो कपाटात आहे आणि तिथंच बरा आहे. आयुष्यभर कानाला हेडफोन लावून लोकांची बोलणी जोडून दिली. कुणाचं बारसं, कुणाचं मरण, कुणाचा कापसाचा भाव. मधेच जाऊन विचारायचं, “तीन मिनिटं झाली, वाढवायचं?” आता माझे कान माझे आहेत. तुला काही सांगायचं असेल तर पोस्ट खातं अजून चालू आहे.

तुझी आत्या,
क्षमा


पुणे,
९ ऑगस्ट २०२५

आदरणीय आत्या,
सादर जय भीम.

रागावू नका. दैवशालाताईंना फोन केला कारण तुम्ही उचलत नाही. आई-बाबा गेल्यापासून मला तुमच्याशिवाय कोण आहे? अडुसष्टाव्या वर्षी तुम्ही त्या घरात एकट्या. रात्री-अपरात्री पडलात-झडलात तर कुणाला कळेल?

आनंदनिवास राहू द्या. तुम्ही माझ्याकडेच या. फ्लॅट मोठा आहे, चौदावा मजला, वारा भरपूर. तुमची खोली तयार आहे, पडदेसुद्धा लावलेत. माझं काम घरूनच असतं, त्यामुळं दिवसभर सोबत असेल. शनिवार-रविवार मित्र येतात, घर भरलेलं असतं. तुम्हाला शांतता हवी असेल तर तुमच्या खोलीला दार आहे.

मी ठरवलंय. २१ सप्टेंबरला, रविवारी, टेंपो घेऊन येतो. पुस्तकं, कपाट, तुमची ती वेताची खुर्ची, सगळं आणू. नळदुर्गचं घर भाड्यानं देऊ. एका शिक्षकाला हवंही आहे, मी बोलून ठेवलंय.

तुम्ही आलात की तुम्हाला इथं छान करमेल.

तुमचा,
बुद्धघोष


नळदुर्ग,
१५ ऑगस्ट २०२५

चि. बुद्धघोष,
सप्रेम जय भीम.

माझं घर भाड्यानं द्यायला तू कोण? माझ्या आबांनी एस.टी.च्या वर्कशॉपात हात काळे करून हे घर बांधलं. तुझ्या त्या शिक्षकाला कळव की मालकीण जिवंत आहे आणि वेताच्या खुर्चीत बसली आहे.

एकट्या बाईची एवढी भीती लोकांना का वाटते, हे मला एकदा कुणीतरी समजावून सांगावं. मागच्या महिन्यात मैत्रिणीच्या नातीच्या लग्नाला तुळजापूरला गेले होते. मुक्काम करावा म्हणून एका लॉजवर खोली मागितली.

मॅनेजर म्हणाला, “सोबत कोन हाय?”

“ही पिशवी.”

“तसं न्हाय मावशी. मानूस.”

“मी माणूसच आहे.”

“आवो, पर एकट्याच?”

“तू झोपताना कितीजण असतोस?”

खोली मिळाली. चादरही बदलून मिळाली.

दवाखान्यात विचारतात, सोबत कोण. ढाब्यावर पोऱ्या दोन पेले पाणी ठेवतो आणि दुसऱ्या खुर्चीकडे बघत उभा राहतो. आणि आता माझा स्वतःचा भाचा पडदे लावून बसलाय.

नीट वाच, पुन्हा लिहिणार नाही. आमच्या शाळेत जेवणानंतर एक तास कुणी बोलायचं नाही, असा नियम होता. बाकीच्या मुलींना तो शिक्षा वाटायचा. मला तो तास दिवसातला सर्वांत मोठा वाटायचा, कारण त्यात कुणी माझ्याकडे काही मागत नव्हतं. पुढं नोकरीत तो तास कधी मिळालाच नाही. आता मी तो सकाळपासून चार वाजेपर्यंत लांबवला आहे, रेडिओवरच्या त्या माणसाचा अपवाद सोडून. चार वाजता दार उघडते, दैवशाला येते, चहा होतो, गावातल्या बातम्या होतात. पौर्णिमेला विहारात जाते. पावसात किल्ल्याचे धबधबे सुरू झाले की तिथंही जाते, पायऱ्या माझ्यापेक्षा आधी दमतात. एकांतात कडी आपण आतून लावतो. ती बाहेरून लागली असेल, तर त्याला एकटेपण म्हणायचं. माझी आतून आहे आणि हातानं निघते.

२१ तारखेचा तुझा बेत रद्द कर.

आणि एवढ्याशा पत्रातसुद्धा तू खाडाखोड केलीस. त्यातल्या त्यात रेघ तरी सरळ मारलीस. सिस्टर म्हणायच्या, चुकलेला शब्द गिरबटायचा नाही, त्यावर एकच सरळ रेघ ओढायची, चूक वाचता आली पाहिजे. लहानपणी सुट्टीत तुला हे शिकवताना तू माझ्या हाताला चावला होतास. तेवढं तरी राहिलं म्हणायचं.

क्षमाआत्या


पुणे,
२० ऑगस्ट २०२५

आदरणीय आत्या,
सादर जय भीम.

तुमचं पत्र आज दुपारी मिळालं. लगेच लिहायला बसलोय.

लॉजचा किस्सा वाचून इतका हसलो की शेजारच्या भिंतीवर ठकठक झाली. शेजारी कोण राहतं मला माहीत नाही, पण कुणीतरी आहे हे बरं वाटलं.

तुम्हाला इथं करमणार नाही असं का वाटतं? खाली बाग आहे. वॉचमन अक्कलकोटकडचा आहे, सिद्धेश्वर नाव. निम्मं मराठी, निम्मं कन्नड बोलतो. त्याच्या गावचं सगळं मला पाठ झालंय. त्याच्या म्हशीला रेडकू झालं. त्याच्या भावानं ज्वारी पेरायची की हरभरा, यावर आमची रोज चर्चा होते. दूध घरपोच येतं, तरी मी संध्याकाळी पिशवी आणायला खाली जातो. पाय मोकळे होतात.

मित्रांचं म्हणाल तर, येतात. या रविवारी कुणाला जमलं नाही. मागच्याही. पराग कॅनडाला गेला, मागं लिहिलं होतं का? बाकीच्यांना आता मुलंबाळं आहेत. पण येतात.

ऑफिसचं काम सगळं स्क्रीनवर. आम्ही अकराजण रोज बोलतो, पण कॅमेरे बंद असतात, फक्त नावांच्या चौकटी दिसतात. परवा एकानं विचारलं, “बुद्धघोष, आहेस ना?” मी तासभर तिथंच होतो.

एक विचारायचं होतं. तुम्ही चार वाजेपर्यंत बोलत नाही. मग चारला पहिला शब्द बोलता, तेव्हा स्वतःचाच आवाज ऐकून दचकायला होत नाही? घसा बसल्यासारखा, दुसऱ्याच कुणाचा आवाज आल्यासारखा? म्हणून तर म्हणतो, माणसानं असं राहू नये. मला तुमची फार काळजी वाटते.

टेंपोवाल्याला मी २१ तारीख सांगून ठेवलीय. नाही म्हणू नका.

तुमचा,
बुद्धघोष


नळदुर्ग,
२७ ऑगस्ट २०२५

बुद्धघोष,
जय भीम.

नाही म्हणते.

मी दचकत नाही. माझा आवाज मला चांगला ओळखू येतो, तो खणखणीत आहे. म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या आवाजाचं भय घालून घराबाहेर काढणं हा नवा प्रकार मी प्रथमच ऐकला.

तू माझी काळजी करतोस, असं तू लिहितोस. काळजी करणारा माणूस आधी विचारतो. तू आधी टेंपो ठरवलास. तुला भरलेल्या घरात अजून एक वस्तू हवी आहे. खोली आहे, पडदे आहेत, आता आत्या आणून ठेवायची. मी खुर्चीसोबत येणारी वस्तू नाही.

२१ तारखेला टेंपो आणलास तर फाटकाला कुलूप दिसेल आणि मी किल्ल्यावर असेन. पुन्हा या विषयावर लिहू नकोस.

क्षमा


नळदुर्ग,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय घोष,

तुझं उत्तर आलं नाही. तू आजवर पत्राला एक दिवसाच्या वर थांबला नव्हतास. पहिल्या आठवड्यात मी म्हटलं, बरं झालं, समजलं एकदाचं. दुसऱ्या आठवड्यात पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी दिसला की मी पुस्तक खाली ठेवायला लागले. तो दिसायचा आणि जायचा.

परवा दैवशाला चहा पिता पिता म्हणाली, “काय करलालाव बाई? चहात साखर तिसऱ्यांदा घातलाव.”

“मला गोड लागतो.”

“व्हय. भाच्याचं पत्र आलं न्हाय म्हनून करमंना झालंय, आसं म्हना की सरळ.”

मी तिला बाहेरचा रस्ता दाखवला. ती गेली नाही, माझ्या वाटचा चहा ओतून टाकून दुसरा केला.

काल तुझी दोन्ही पत्रं काढून बसले. माझ्या कुठल्या वाक्यानं तुला एवढं लागलं ते शोधायचं होतं, म्हणून तुझी पत्रं माझ्या उत्तरांशी लावून वाचत होते. नऊ तारखेच्या पत्राची शेवटची ओळ आली. ‘तुम्ही आलात की तुम्हाला इथं छान करमेल.’ त्यातला ‘तुम्हाला’ वर लिहिलेला होता. ऑगस्टमध्ये मी फक्त रेघ पाहिली, रेघेचं कौतुक केलं आणि पुढं गेले. काल चष्मा पुसून रेघेखालचा शब्द वाचला.

‘मला.’

तुम्ही आलात की मला इथं छान करमेल.

मग दुसरं पत्र घेतलं. ज्याचं घर भरलेलं असतं त्याला म्हशीचं रेडकू ठाऊक असायचं कारण नाही. दिवसभर गप्प राहून संध्याकाळी स्वतःचाच आवाज परका वाटतो, हे मी तुला कधीच लिहिलेलं नव्हतं. मला तसं होतच नाही. मग ते तुला कुणी सांगितलं? आणि मी मूर्ख बाई त्यावर खणखणीत उत्तर देऊन बसले. फोनवर हे माझ्यापासून लपलं नसतं. लाइनवरच्या माणसाच्या नुसत्या श्वासावरून मी सांगायची की बातमी वाईट आहे. तोच फोन मी कपाटात ठेवला होता.

आज सकाळी तो काढला, दैवशालेकडून चार्ज करून आणला आणि लावला. पुढं काय झालं ते तुला माहीत आहे, तरी लिहिते. फोनवरचं हवेत जातं. कागदावर राहू दे.

तू “हॅलो” म्हणालास. आवाज असा होता की जणू घरातलं भांडं बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हलवलं.

मी म्हटलं, “पी.पी. कॉल आहे, पर्टिक्युलर पर्सन. बुद्धघोष ओव्हाळ यांच्याशीच बोलायचंय.”

तू म्हणालास, “बोलतोय की, आत्या. सगळं छान आहे.”

“हे सगळं-छान-आहेवाले नकोत. ते बाजूला करा आणि बुद्धघोषला लाइनवर बोलवा.”

खात्यात असते तर लाइन तुटली समजून मी प्लग ओढला असता. मग तू नाक ओढलंस आणि मी विचारलं, “तीन मिनिटं झाली, वाढवायचं?” तेव्हा तुला हसू आलं की रडू, ते एवढ्या अनुभवानंतरही मला ओळखता आलं नाही. “वाढवा,” म्हणालास. आपण दुपारपर्यंत वाढवलं. माझा चार वाजेपर्यंतचा नियम मोडला. मला काहीही झालं नाही.

आता ठरल्याप्रमाणे. टेंपो रद्द करू नकोस. २१ तारखेला येताना तो रिकामा आणू नकोस, एवढंच. कॉम्प्युटर, कपडे, गादी, जे काय लागतं ते भरून आण. बाहेरची खोली झाडून घेतली आहे. इंटरनेटची तार दोन महिन्यांपूर्वीच गल्लीत आली, दैवशालेच्या घरात तिच्यावर दिवसभर मालिका चालतात. तिच्यावर तुझं ऑफिसही चालेल. हवं तितके दिवस राहा. पडदे मात्र आणू नकोस.

आत्या


पुणे,
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,
सादर जय भीम.

काल पोचलो. डब्यातली शेंगदाण्याची चटणी सोलापूरच्या आधीच उघडली, तेव्हा ती लवकर संपली तर दैवशालाताईंना दोष देऊ नका.

सव्वा महिन्यानंतर हे कुलूप उघडलं. आत तीच शांतता होती, जी मागं टाकून आलो होतो. दाराशी जरा थांबलो. खरं सांगतो, परत फिरावंसं वाटलं. मग खिडक्या उघडल्या, चहा केला आणि वेळ पाहिली. अडीच वाजले होते. म्हटलं, चार वाजेपर्यंत कुणाशी बोलायचंच नाही. नियम आहे. तेवढ्यानं काय बदललं मला सांगता येत नाही, पण त्या दीड तासात घर माझ्या अंगावर आलं नाही.

तुमच्याकडे पहिले चार दिवस मला वाटायचं, आत्या आतल्या खोलीत रागावून बसल्यात. मधे नुसता पडदा, आणि दोघं गप्प. पाचव्या दिवशी तुमच्या पान उलटण्याचा आवाज ऐकत काम करता करता जेवायचं विसरलो. कुणाच्या तरी सोबतीनं गप्प बसता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं. महामार्गावरचे ट्रक भोंगे वाजवत जायचे आणि तुम्ही आतून म्हणायचात, “हा हैदराबादकडचा.” बस, तेवढंच. दिवसभराला पुरायचं.

ऑफिसात तुम्ही प्रसिद्ध आहात. त्या दिवशी माझी मीटिंग चालू असताना तुम्ही आतून माझ्या साहेबांचा उच्चार दुरुस्त केलात, तो अकराही जणांनी ऐकला. आज साहेबांनी विचारलं, “बाई कशा आहेत?” मग ते त्यांच्या आईबद्दल बोलले. कॅमेरा चालू करून. त्यांना मिशा आहेत हे मला दोन वर्षांत माहीत नव्हतं.

संध्याकाळी सिद्धेश्वरला वर चहाला बोलावलं. तो कपाळावर आठ्या घालून म्हणाला, “का साहेब, काय झालंय काय?” काही झालेलं नाही म्हटलं. तो तुमच्या पडद्यांच्या खोलीत बसून चहा प्यायला. शेजारचं दारही वाजवलं. आजोबा निघाले. ऑगस्टमधली भिंतीवरची ठकठक कुणाची होती विचारलं, तर म्हणाले, “मीच केली होती. कुणीतरी हसतंय म्हणून बरं वाटलं, म्हणून.”

सगळे दिवस असे नसणार, हे मला कळतं. पण टेंपोवाल्याचा नंबर ठेवलाय. दर महिन्याचा शेवटचा आठवडा बाहेरच्या खोलीतून काम करीन म्हणतो, तुमची हरकत नसेल तर. यावेळी आधी विचारतोय.

तुमचा,
घोष


नळदुर्ग,
८ नोव्हेंबर २०२५

प्रिय घोष,
सप्रेम जय भीम.

हरकत नाही.

चटणी संपली असेल हे गृहीत धरून दुसरा डबा दैवशालेनं करून ठेवलाय. तुझ्या त्या आजोबांनाही थोडी दे आणि पुढच्या वेळी भिंत न वाजवता दार वाजवा म्हणावं.

मी बरी आहे. घर पुन्हा पहिल्यासारखं झालंय. सकाळ माझी, दुपार माझी, वेताची खुर्ची खिडकीशी. ट्रक जातात, मी कुणाला काही सांगत नाही. बातम्या देणारा माणूस बदलला, नवा त्याहून वाईट आहे. एकंदरीत मला हवं तसं आहे.

तू गेल्यापासून दैवशालेला करमत नाही.

दर रविवारी चार वाजता मी फोन लावीन. तीन मिनिटं झाली की विचारीन.

तुझी आत्या,
क्षमा

ता. क. ‘करमत नाही’च्या आधीचा एक शब्द खोडून वर ‘दैवशालेला’ लिहिलंय. रेघ एकच मारली आहे, सरळ.